त्रिपुरीचा कौल

जबलपूरजवळची त्रिपुरी म्हटली की मला १९३९ ची काँग्रेस अध्यक्षपदाची निवडणूक आठवते. ती व्यक्तींवर नव्हे, धोरणांवर लढवावी, ही सुभाषबाबूंची भूमिका. १९३५ च्या कायद्यातील संघराज्याशी तडजोड नको, हा त्यांचा आग्रह. धोरण अध्यक्ष नव्हे, काँग्रेस व तिची कार्यकारिणी ठरवते, हे वल्लभभाई, शंकरराव देव प्रभृतींचे उत्तर. २९ जानेवारीला सुभाषबाबूंनी पट्टाभींचा पराभव केला. मार्चमध्ये त्रिपुरी अधिवेशनातील पंत ठरावाने मात्र कार्यकारिणी गांधीजींच्या इच्छेनुसार नेमण्याचे बंधन त्यांच्यावर घातले. एप्रिलअखेर त्यांनी राजीनामा दिला. प्रशासकाच्या नजरेने मला यात एकच धडा दिसतो: निवडून आलेल्याला आपले सहकारी निवडता येत नसतील, तर मतदारांचा धोरणविषयक कौल कागदावरच राहतो.