एककर्तन सांध्याच्या बलगणनेचा विकास

दोन पट्टिकांची टोके एकमेकींवर ठेवून त्यांच्या भोकांतून एकच पिन ओवली असता, ओढीमुळे त्या पिनेचा छेद एकाच प्रतलात होऊ पाहतो. हा एककर्तन सांधा होय. भोक असलेल्या टोकास 'लग' म्हणतात. एका पट्टिकेस दोन्ही बाजूंनी जोड दिल्यास द्विकर्तन सांधा होतो. पहिला म्हणजे दुसऱ्याचा केवळ अर्धा भाग, ही समजूत कशी रूढ झाली व कोठे अपुरी ठरली, हे पाहणे उद्बोधक आहे.

ब्रिटानिया पुलासाठी रिव्हेटांवर झालेल्या प्रयोगांचा वृत्तान्त एडविन क्लार्क याने १८५० मध्ये प्रसिद्ध केला. द्विकर्तनातील रिव्हेट जवळजवळ दुप्पट भार वाहतो, असे त्यांत आढळले. तापवून ठोकलेला रिव्हेट थंड होताना पट्टिका घट्ट आवळतो आणि भार अनेक रिव्हेटांत वाटला जातो. त्यामुळे तेथे हे गणित पुरेसे ठरे.

विमानात मात्र सारा भार पुष्कळदा एकाच पिनेवर येतो. कोझोन, मेलकॉन व हॉब्लिट यांनी १९५० मध्ये, आणि मेलकॉन व हॉब्लिट यांनी १९५३ मध्ये, 'प्रॉडक्ट इंजिनिअरिंग' या नियतकालिकात लग व पिन यांच्या गणनेची पद्धती मांडली. भोकालगतच्या छेदाचे तुटणे, भोकापुढील धातूचे फाटणे व पिनेचे वाकणे यांचा तीत स्वतंत्र विचार होता.

एककर्तनात आणखी एक अडचण आहे. दोन्ही ओढी एका रेषेत नसल्याने बलयुग्म निर्माण होते. प्रत्येकी १० मिलिमीटर जाडीच्या दोन लगांवर २० किलोन्यूटन भार असल्यास ते २०० न्यूटन-मीटर भरते. लगांमध्ये २ मिलिमीटर फट राहिल्यास ते २४० होते. १६ मिलिमीटर व्यासाच्या पिनेतील सरासरी कर्तन-प्रतिबल मात्र दोन्ही वेळा सुमारे १०० मेगापास्कलच निघते. केवळ कर्तन मोजणाऱ्यास हा फरक दिसतच नाही.

१९७० च्या सुमारास सिद्ध झालेल्या अमेरिकन हवाई दलाच्या प्रतिबल-विश्लेषण पुस्तिकेत एककर्तन सांध्याचा वेगळा विचार आढळतो. बोल्टाची आवळ तीत हिशेबात धरलेली नाही. हे आघूर्ण लगांची भोकेच पिनेस धरून पेलतात, असे मानले आहे. ज्या आवळीने रिव्हेटांचे सोपे गणित निभावून नेले, तिच्यावर येथे विसंबलेले नाही. गृहीत बदलले की सूत्राची मर्यादाही बदलते, हाच या इतिहासाचा निष्कर्ष होय.