वडापावातला पाव

मंडळी, पुण्यात वडापावाचा विषय निघाला की भांडण ठरलेलं. कॅम्पातला गार्डनचा चांगला की जोशींचा? ते भांडण आज बाजूला ठेवू. वड्याबद्दल सगळेच बोलतात, आपण जरा पावाकडे बघू.

'पाव' हा शब्द पोर्तुगीज, 'बटाटा'ही त्यांचाच. मिरचीसुद्धा त्यांच्याच जहाजांतून आली. बटाटा आणि मिरची आपण मुकाट्यानं घरात घेतली; बटाट्याला तर उपासालाही बसवलं! पाव मात्र कित्येक पिढ्या उंबऱ्याबाहेर. का? बटाटा कच्चा येतो आणि आपल्या चुलीवर शिजतो. पाव दुसऱ्याच्या भट्टीत भाजून येतो. गोव्यात तो आंबवायला ताडी घालत, हे आणखी एक निमित्त. अडचण चवीची नव्हतीच, हाताची होती.

म्हणूनच १८४९ साली मुंबईत परमहंस सभा निघाली, तेव्हा सभासद होणाऱ्याला ख्रिस्ती माणसानं भाजलेला पाव खावा लागे. जात मोडण्याची ती परीक्षा. सभा अर्थातच गुप्त होती. पुढे सभासदांची नावं बाहेर फुटली आणि सभा मोडली.

पुण्यात तर पावापर्यंतही जावं लागलं नाही. ऑक्टोबर १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानानंतर चहा-बिस्किटं पुढे आली. हजर मंडळींत रानडे होते, टिळकही होते. गोपाळराव जोशींनी, म्हणजे डॉ. आनंदीबाईंच्या यजमानांनी, नावं छापून आणली आणि शहरात ग्रामण्य माजलं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, प्रायश्चित्तं झाली. एका कपभर चहासाठी!

वडापावाचं श्रेय साधारणपणे दादरच्या अशोक वैद्यांना देतात, साल १९६६. गिरणीच्या पाळीला धावणाऱ्या माणसाला बशी, चमचा, टेबल काहीच नको होतं. पावानं बशीचं काम केलं. पुण्याला वडा बशीत घेऊन, बसून खायची सवय. केसरीवाड्याजवळच्या प्रभा विश्रांती गृहाचा बटाटेवडा आठवा. तो वडा पावात शिरून रस्त्यावर आला आणि शहर उभ्यानं खायला शिकलं.

आणि पुण्यात त्या पावावर पाटी लागली ती जोशींची! गोपाळरावांशी काही संबंध नाही हो, आडनावाचा योगायोग. पण आम्हाला त्याचं हसू येतं.

पाव कुठल्या भट्टीतला, हे आम्हीही गाडीवाल्याला विचारतो. आजचा आहे की कालचा, एवढं कळावं म्हणून.