डायाब्लोचा दुसरा भाग आणि मी लपवलेली सीडी

बत्तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवलेली बाई राक्षस मारायच्या खेळावर लिहितेय म्हटल्यावर आमच्या वन्सं हसणार, हे ठाऊक आहे. हसू देत. दिवाळीत चिरंजीव आले होते. त्यांनी लॅपटॉपवर 'डायाब्लो'चा दुसरा भाग मला चार रात्री शेजारी बसवून दाखवला आणि तेव्हापासून तो डोक्यातून जात नाही. चिरंजीवांनी चाळिशी ओलांडली, मी पंचाहत्तरी. दोघांनाही रागावणारं घरात कोणी उरलेलं नाही :)

आधी थोडा इतिहास (सवय!). कॅलिफोर्नियात डेव्हिड ब्रेव्हिक आणि मॅक्स व एरिक हे शेफर बंधू यांची छोटीशी कंपनी होती, तीच पुढे 'ब्लिझर्ड नॉर्थ' झाली. तिथल्या माउंट डायाब्लो नावाच्या डोंगराजवळ ब्रेव्हिक राहिलेला, ते नाव त्याने खेळाला दिलं. खेळ मुळात बुद्धिबळासारखा, एकेक चाल करून खेळायचा होता. ब्लिझर्डवाल्यांनी तो सलग चालणारा करा म्हणून धोशा लावला. ब्रेव्हिकला ते पटत नव्हतं, पण त्याच्याच सांगण्याप्रमाणे त्याने एका दुपारी बदल करून पाहिला आणि त्याचं मत फिरलं.

१९९६ सरता सरता पहिला भाग आला. ट्रिस्ट्रम नावाचं एक गाव, तिथलं शापित चर्च आणि त्याखाली १६ मजले. योद्धा, तिरंदाज बाई आणि जादूगार यांपैकी एक आपण व्हायचं, खाली खाली उतरायचं, तळाशी डायाब्लोला मारायचं. शेवट मात्र विचित्र आहे. जिंकलेला वीर डायाब्लोचा लाल मणी स्वतःच्याच कपाळात खुपसतो. का, तर आपण याला आत कोंडून ठेवू!

दुसरा भाग २९ जून २००० चा. आता पळता येतं (पहिल्यात नुसतं चालायचं, माझ्यासारखं). पाच पात्रं, प्रत्येकाची ३० कौशल्यं, वाळवंट, जंगल, नरक, सगळा पसारा वाढलेला. पहिल्या भागात आपलं पात्र आपल्याच संगणकावर साठवलं जाई, त्यामुळे इंटरनेटवर खेळताना लबाडी फार चाले. उत्तरपत्रिका विद्यार्थ्याच्या घरी ठेवल्यावर दुसरं काय होणार? दुसऱ्या भागात ती कंपनीने स्वतःच्या ताब्यात ठेवायची सोय केली. उणं म्हणाल तर भीती पातळ झाली. तळघरातला अंधार मोकळ्या माळावर कुठून आणायचा? जंगलाच्या भागात तर मला डुलक्या लागल्या. आणि चांगली तलवार मिळावी म्हणून त्याच त्या राक्षसाला पुन्हा पुन्हा मारायला जाणं, हा पराक्रम नव्हे, हाव आहे.

पण माझ्या लेखी हा भाग पहिल्यापेक्षा मोठा आहे तो ट्रिस्ट्रममुळे. सुरुवातीलाच कळतं की तो वीर डायाब्लोला कोंडू शकला नाही, डायाब्लोनेच त्याला गिळलं. आपण ट्रिस्ट्रमला परत जातो तर गाव जळतंय. ज्याच्या दुकानातून तलवारी घेतल्या तो ग्रिझवल्ड लोहार मुडदा होऊन अंगावर येतो. लाकडी पायाचा वर्ट नावाचा पोरगा माल नुसता दाखवायचे ५० मोहरा घ्यायचा, त्याचं प्रेत तिथेच पडलेलं. म्हातारा डेकर्ड केन पिंजऱ्यात टांगलेला, तेवढा वाचवता येतो. तिरंदाज बाई 'ब्लड रेव्हन' होऊन कबरस्तानात मुडदे उठवतेय, जादूगाराला वेड लागलंय. म्हणजे पहिल्या भागात आपण जे जे होतो, त्या सगळ्यांना दुसऱ्या भागात आपणच मारायचं.

'१९१८ साली महायुद्ध संपले' एवढं लिहून मुलं उत्तर आटोपायची. मी खाली लाल शाईने विचारायची, 'मग १९३९ का?' व्हर्सायचा तह शिकवताना घसा कोरडा केला आहे मी.

आणि त्याच काळात, २००० च्या दिवाळीनंतर, बारावीतला मुलगा स्वयंपाकघरात येऊन सांगत होता, "आई, मी पहिल्या भागात जी बाई होतो ना, तिलाच मला आज मारायला लागलं!" त्याचा चेहरा खरंच उतरला होता. मी पोळ्या लाटत होते. म्हटलं, "बोर्डाच्या परीक्षेत विचारणार आहेत का हे?" दुसऱ्या दिवशी तीन सीड्यांपैकी खेळायला लागणारी नेमकी एक काढून मी साड्यांच्या कपाटात दडवली. तो काही बोलला नाही. नंतरही खेळाबद्दल कधी काही सांगायला आला नाही.

आताचा खेळ २०२१ सालचा, नवी चित्रं चढवलेला आहे. त्यात एक बटण दाबलं की जुनी चित्रं दिसतात. ट्रिस्ट्रमला पोचल्यावर त्याने ते दाबलं. "हे बघ, तेव्हा असं दिसायचं." धुरकट, ठिपक्याठिपक्यांचं गाव. मी केनबद्दल विचारलं, वर्टबद्दल विचारलं. तो रात्री दोनपर्यंत सांगत होता.

निघायच्या दिवशी मी कपाटातून ती सीडी काढून दिली. लॅपटॉपला सीडीची खाचच नाही म्हणाला. पण स्वेटरमध्ये गुंडाळून बॅगेत ठेवली.