पदराआडची गाठ

माझ्या मावशीने छातीतली गाठ दोन वर्षे पदराआड लपविली. दुखत नव्हती ना! बोलली तेव्हा फार उशीर झाला होता.

मुंबईस टाटांचे रुग्णालय १९४१ साली निघाले; पण आपल्याकडून तिथवर जाणार कोण? १९८७ साली आपल्याच जिल्ह्यात, बार्शीस, खेड्यांतील कर्करोगाची नोंद सुरू झाली. देशातली अशी ती पहिलीच. माणसे गावोगाव फिरून विचारपूस करीत.

पुढे १९९८ पासून टाटा रुग्णालयाने मुंबईच्या वस्त्यांत दीड लाखांवर स्त्रियांची पाहणी केली. निम्म्या वस्त्यांत शिकवून तयार केलेल्या सेविका दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने छाती तपासीत. यंत्र नाही, काही नाही! २०२१ साली निकाल छापला. तपासलेल्यांपैकी पन्नाशीपुढच्या बायकांत या रोगाचे मृत्यू सुमारे ३० टक्के कमी. धाकट्यांत तसा फरक दिसला नाही, हेही सांगितले पाहिजे.

पूर्वी सारा स्तन काढीत. आता गाठ लहान असली तर पुष्कळदा तेवढीच काढून किरणोपचार देतात.

गेल्या चैत्रात न्हाताना मलाही काखेजवळ काही लागले. रात्र जागून काढली, सकाळी यजमानांना सांगितले, बार्शीस गेलो. साधी गाठ निघाली. थोरल्या जाऊबाईंची पन्नाशी उलटली आहे. त्यांना न्यायचे म्हणते, तर त्या लाजतात.