उंची बदलणारे सस्पेन्शन
गाडीची जमिनीपासूनची उंची चालकाला किंवा संगणकाला कमीजास्त करू देणारी यंत्रणा. पोलादी पाट्यांऐवजी येथे रबरी बलूनमधली दाबलेली हवा भार पेलते. कॉम्प्रेसर हवा भरतो, व्हॉल्व्ह ती सोडतो, आणि उंची मोजणाऱ्या सेन्सरच्या माहितीवरून संगणक दोघांना हुकूम देतो. भार वाढला तरी गाडी मागे बसत नाही, हा तिचा खरा गुण, मऊपणा त्यानंतर.

फ्रेंच सित्रोएन डीएसने (१९५५) तेल व नायट्रोजन वापरून हेच साधले होते. पुणे जिल्ह्यात चाकणला जुळणी होणाऱ्या मर्सिडीज-बेंझ एस-क्लासमध्ये एअरमॅटिक हे हवेचे सस्पेन्शन असते. वेगात गाडी खाली येते, त्यामुळे हवेचा विरोध घटतो. खडबडीत रस्त्यावर बटण दाबून ती वर घेता येते. कवठे येमाईसारख्या गावांकडे जाताना गतिरोधकांवर हे बटण चैन वाटत नाही.

सर्वाधिक लोकोपयोगी रूप मात्र शहरी लो-फ्लोअर बसचे. थांब्यावर दाराकडच्या बलूनमधली हवा सोडली की बस त्या बाजूला झुकते व वृद्धांना पायरी सोपी होते. बलून फुटला तर दुरुस्ती पाट्यांपेक्षा महाग पडते.