पब, इंग्लंडमधील

मद्यविक्रीचा परवाना असलेले आणि परिसरातील रहिवाशांचे नित्याचे भेटीचे ठिकाण म्हणून वापरात असलेले सार्वजनिक गृह. ‘पब’ हा ‘पब्लिक हाउस’ या संज्ञेचा संक्षेप एकोणिसाव्या शतकात रूढ झाला. प्रवाशांच्या मुक्कामाची सोय करणारी ‘इन’, मुख्यत्वे वाइन विकणारी ‘टॅव्हर्न’ आणि घरगुती एल विकणारे ‘एलहाउस’ या तीन जुन्या संस्थांचा वारसा पबकडे आला. वस्तीतील लहान पबचे नाते विशेषेकरून एलहाउसशी आहे. पिंपातच मुरणारी ‘रिअल एल’ ही बिअर आणि तिचे रोजचे गिऱ्हाईक यांच्या परस्परावलंबनावर ही संस्था टिकून आहे. त्यामुळे तिच्या इतिहासात पेय आणि घर या दोहोंचा एकत्र विचार करावा लागतो.

ऐतिहासिक आढावा : मध्ययुगात सातूचे माल्ट, पाणी व यीस्ट यांपासून एल घरोघरी, बहुधा स्त्रियांकडून, तयार होत असे. विक्रीयोग्य एल तयार असल्याची खूण म्हणून दाराबाहेर काठी किंवा झुडपाची फांदी लावीत. निरक्षरांनाही ओळखता येणाऱ्या चित्रमय पाट्या पुढे प्रचारात आल्या. तेराव्या शतकातील नियमांनी एलचा भाव धान्याच्या भावाशी जोडण्यात आला आणि तिची प्रत तपासण्यासाठी गावोगावी तपासनीस नेमले जाऊ लागले. पंधराव्या शतकात नेदर्लंड्‌सच्या बाजूने हॉपचा वापर इंग्लंडमध्ये आला. हॉपमुळे पेय कडवट व अधिक टिकाऊ झाले. साहजिकच घरगुती उत्पादनाची जागा मोठे उत्पादक घेऊ लागले. १५५२ च्या कायद्याने एलहाउस चालविण्यासाठी स्थानिक न्यायाधिकाऱ्यांचा परवाना आवश्यक ठरला.

अठराव्या शतकात जिन या स्वस्त व तीव्र मद्याने लंडनमधील गरीब वस्त्यांत अनर्थ माजविला. विल्यम होगार्थ याने १७५१ मध्ये कोरलेल्या दोन चित्रांत जिनमुळे उद्‌ध्वस्त झालेली गल्ली आणि बिअर पिणारी सुदृढ वस्ती यांचा विरोध दाखविला आहे. बिअर हे तुलनेने निरुपद्रवी पेय होय, ही समजूत १८३० च्या कायद्यामागेही होती. त्यानुसार कोणाही करदात्या घरमालकास दोन गिनी भरून बिअरविक्रीचा परवाना मिळू लागला आणि कामगार वस्त्यांमध्ये हजारो बिअरगृहे निघाली. त्यांवर न्यायाधिकाऱ्यांचे नियंत्रण १८६९ मध्ये पुन्हा आले. शतकाच्या अखेरीस उत्पादकांनी पब विकत घेऊन ते आपलीच बिअर विकण्याच्या अटीवर चालकांना देण्यास सुरुवात केली. नक्षीदार काचा, महोगनीची लाकूडकामे आणि रंगीत टाइल्स यांनी सजलेले पब मुख्यत्वे याच काळातील आहेत. कामगारांसाठी साधा ‘पब्लिक बार’, थोडे अधिक दाम मोजणाऱ्यांसाठी ‘सलून बार’ आणि खाजगी बैठकीसाठी ‘स्नग’ अशा त्यांच्या विभागणीत तत्कालीन वर्गभेद स्पष्ट दिसतो.

पहिल्या महायुद्धात युद्धसामग्रीच्या उत्पादनात खंड पडू नये म्हणून पबच्या वेळांवर निर्बंध घालण्यात आले. दुपारी पब बंद ठेवण्याचा त्यांतील नियम इंग्लंडमध्ये १९८८ पर्यंत टिकला. ‘मास ऑब्झर्व्हेशन’ या संस्थेने बोल्टन या औद्योगिक नगरातील पबची पाहणी केली. तिचा वृत्तांत १९४३ मध्ये प्रसिद्ध झाला. चर्च, चित्रपटगृहे, नृत्यगृहे व राजकीय संघटना या सर्वांना मिळून लोक जेवढा वेळ व पैसा देतात, त्याहून अधिक ते पबला देतात, असे तीत आढळून आले.

रिअल एल आणि तळघर : या एलचे दुय्यम किण्वन ती ज्या पिंपातून वाढली जाते त्याच पिंपात होते आणि ती वाढताना बाहेरून कार्बन डाय-ऑक्साइड वायू सोडला जात नाही. ९ गॅलनचे (सु. ४१ लि.) ‘फर्किन’ हे तिचे नेहमीचे पिंप होय. पबमध्ये आल्यावर पिंप सु. १२° से. तापमानाच्या तळघरात आडवे ठेवतात. वरच्या भोकात लाकडी खुंटी बसवून जादा वायू जाऊ देतात. गाळ तळाशी बसण्यासाठी बहुधा माशाच्या वाताशयापासून केलेले आयसिंग्लास वापरलेले असते. एल निवळल्यावर ती हातपंपाने वर ओढतात. जोसेफ ब्रामा याने अशा यंत्राचे एकस्व १७९७ मध्ये घेतले होते. एकदा पिंप उघडले, की त्यात हवा शिरते आणि सु. तीन दिवसांत एल उतरू लागते. म्हणून चालकाचे कौशल्य जितके महत्त्वाचे, तितकेच पिंप वेळेत संपविणारे नेहमीचे गिऱ्हाईकही महत्त्वाचे असते.

पबमधील रीत : सामान्यतः ग्राहकाने स्वतः बारपाशी जाऊन पेय मागावे व तेथेच पैसे द्यावेत, असा प्रघात आहे. पाइंट (५६८ मिलि.) व अर्धा पाइंट ही नेहमीची मापे होत. मंडळींपैकी प्रत्येकाने पाळीपाळीने सर्वांसाठी पेये आणावयाची असतात. पाळी चुकविणे अशिष्ट मानले जाते. डार्ट, डॉमिनो यांसारखे खेळ आणि बंद होण्याच्या वेळेची घंटा हीही जुन्या पबची अंगे होत. तथापि ‘सार्वजनिक’ हे विशेषण सर्वांच्या बाबतीत खरे नव्हते. आशियाई व कृष्णवर्णीय स्थलांतरितांना अनेक पबमध्ये प्रवेश नाकारला जाई किंवा वेगळे बसविले जाई. १९६५ च्या कायद्याने या प्रकारास बंदी केली. पुढे वेस्ट मिडलंड्‌समध्ये पंजाबी कुटुंबांनी अनेक पब चालविण्यास घेतले. ते ‘देसी पब’ या नावाने ओळखले जातात.

ऱ्हास आणि पुनरुज्जीवन : १९६० नंतर विलीनीकरणामुळे बिअर-उत्पादन मुख्यतः सहा मोठ्या कंपन्यांच्या हाती गेले. गाळून व पाश्चरीकरण करून वायूच्या दाबाखाली धातूच्या पिंपात भरलेली ‘केग’ बिअर टिकण्यास व वाहतुकीस सोयीची असल्याने त्यांनी तिचा जोरदार पुरस्कार केला. स्वतःची बिअर तयार करणारे जुने पब १९७० नंतरच्या काही वर्षांत केवळ चार उरले. १९७१ मध्ये आयर्लंडमधील डन्‌क्विन येथे चार इंग्लिश तरुणांनी या प्रवृत्तीविरुद्ध एक संघटना स्थापन केली. तीच पुढे ‘कँपेन फॉर रिअल एल’ या नावाने प्रसिद्धीस आली. मार्गदर्शिका व बिअर-महोत्सव यांच्याद्वारे तिने ग्राहकमत संघटित केले. लहान उत्पादकांना २००२ मध्ये मिळालेल्या करसवलतीने या चळवळीस बळ मिळाले व नवे उत्पादक मोठ्या संख्येने पुढे आले.

पेय वाचले, तरी घर वाचविणे अधिक अवघड ठरले. १९८९ च्या शासकीय आदेशाने मोठ्या उत्पादकांच्या मालकीच्या पबवर मर्यादा घातल्या; परंतु त्यामुळे विकले गेलेले हजारो पब नव्या पबमालक कंपन्यांच्या हाती गेले. जमिनीच्या वाढत्या किमती, कर आणि दुकानांतील स्वस्त मद्य यांचीही भर पडली. ब्रिटनमध्ये २००० च्या सुमारास असलेली पबची सु. ६०,००० ही संख्या पुढील दोन दशकांत ५०,००० च्या खाली आली. २०११ च्या कायद्याने समाजोपयोगी वास्तूंच्या स्थानिक नोंदीची तरतूद केली. तिचा लाभ घेऊन लंडनमधील ननहेड येथील ‘आयव्ही हाउस’ हा पब रहिवाशांनी २०१३ मध्ये सहकारी पद्धतीने विकत घेतला. उत्तर-पश्चिम लंडनमधील ‘कार्लटन टॅव्हर्न’ २०१५ मध्ये मालकाने परवानगीविना पाडला. रहिवाशांच्या पाठपुराव्यानंतर तो पूर्ववत बांधून देण्याचा आदेश निघाला आणि २०२१ मध्ये तो पुन्हा सुरू झाला. २०१७ पासून इंग्लंडमध्ये पब पाडण्यास किंवा त्याचा वापर बदलण्यास नियोजन-परवानगी आवश्यक आहे. अर्थात कायदा वास्तूचे रक्षण करू शकतो. उघडलेले पिंप तीन दिवसांत संपविण्याइतका शेजार मात्र त्या वस्तीतच असावा लागतो.