कातारीना द ओर्ता : भावाच्या सावलीतील एका ज्यू स्त्रीचे शब्दचित्र

पेडणे तालुक्यातील पार्से हे गाव शापोरा नदीच्या उत्तरेकडील प्रदेशात आहे. आज नदी ओलांडून बार्देसात जाणे ही रोजची बाब आहे. सोळाव्या शतकात मात्र ही नदी दोन राज्यांची आणि दोन कायद्यांची सीमा होती. १५४३ मध्ये बार्देस व साष्टी हे महाल आदिलशाहीकडून पोर्तुगिजांकडे गेले. पेडणे त्या वेळी आदिलशाहीतच राहिले आणि पुढे सावंतवाडीकरांकडून १७८८ मध्ये पोर्तुगीज अमलाखाली आले. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजेच धर्मन्यायालय, स्थापन झाले, तेव्हा या बाजूला त्याचा हुकूम नदीच्या अलीकडेच चालत होता. दिवाडी बेटावरील सप्तकोटेश्वर डिचोलीतील नार्वे येथे आला, तोही पोर्तुगीज हद्दीबाहेर म्हणूनच.

सीमा ओलांडून वाचलेली दैवते आणि घराणी यांचा इतिहास गोव्यात पुष्कळ सांगितला जातो. सीमेच्या आत राहिलेल्यांपैकी एका स्त्रीची ओळख येथे करून घ्यावयाची आहे. तिचे नाव कातारीना द ओर्ता. ज्यू धर्म पाळल्याच्या आरोपावरून २५ ऑक्टोबर १५६९ रोजी तिला गोव्यात जाळण्यात आले.

घराण्याची पार्श्वभूमी

कातारीनाचे आईवडील मूळ स्पेनमधील ज्यू होते. १४९२ मध्ये स्पेनने ज्यूंना हद्दपार केले, तेव्हा ते सीमा ओलांडून पोर्तुगालमधील कास्तेलो द व्हिद या गावी आले. तेथेही आश्रय फार काळ टिकला नाही. राजा मानुएलच्या १४९६ च्या फर्मानाने ज्यू आणि मुसलमान या दोघांनाही देश सोडण्याचा हुकूम झाला. १४९७ मध्ये ज्यूंना बाहेर पडू देण्याऐवजी त्यांचा सक्तीने बाप्तिस्मा करण्यात आला. अशा कुटुंबांना 'नवख्रिस्ती' म्हटले जाई. नाव ख्रिस्ती, हजेरी चर्चमध्ये, आणि संशय पिढ्यान्‌पिढ्या, अशी त्यांची अवस्था होती.

कातारीनाचा भाऊ गार्सिया द ओर्ता हा वैद्य १५३४ मध्ये गोव्यात आला. भारतीय औषधी वनस्पतींवरील त्याचा संवादरूप ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाशी त्याचा स्नेह होता. निजामशहाने त्याला रोगांची व औषधांची अरबी नावे शिकवावीत आणि त्याने निजामशहाला लॅटिन नावे सांगावीत, असा विद्येचा व्यवहार या दोघांत चाले, हे त्याच ग्रंथावरून कळते. एक ज्यू वंशाचा वैद्य आणि एक मुसलमान सुलतान दख्खनच्या दरबारात असे एकत्र बसत होते.

बहिणींचे नशीब वेगळे होते. पोर्तुगालमध्ये १५३६ मध्ये धर्मन्यायालय आले आणि १५४७ मध्ये ओर्ताच्या दोन बहिणी लिस्बनमध्ये ज्यू असल्याच्या आरोपावरून कैद झाल्या. सुटकेनंतर १५४९ मध्ये त्या आईसह गोव्यात भावाजवळ आल्या. पुढे अकरा वर्षांनी तेच न्यायालय त्यांच्या मागे गोव्यात आले.

संशयाची जागा : स्वयंपाकघर

नवख्रिस्ती घरांवर पाळत ठेवण्यासाठी काही खुणा ठरलेल्या होत्या. शुक्रवारी संध्याकाळी दिवे लावणे, शनिवारी धुतलेले कपडे घालणे, डुकराचे मांस न खाणे, ज्यू पंचांगातील उपवास धरणे, या त्यांतील प्रमुख होत. सभागृह नाही, धर्मगुरू नाही, ग्रंथ बाळगणे धोक्याचे. अशा स्थितीत धर्म उरला तो चूल, दिवा, कपडे आणि ताट यांत. ही सर्व कामे घरातील स्त्रीच्या हातात होती. त्यामुळे धर्म टिकवण्याचा भार तिच्यावर पडला आणि आरोपही सर्वप्रथम तिच्याकडे वळला. अन्नावरून आणि उपवासावरून माणसाचा धर्म हुडकण्याची ही रीत मुसलमानांतून धर्मांतरित झालेल्यांनाही लावली गेली.

याच्या उलट चित्र कोकणात दिसते. नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेल्या जहाजातून सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या, अशी बेने इस्राएलांची परंपरा सांगते. त्या सात स्त्रियांची नावे उरली नाहीत. पण त्यांचे वंशज शनिवारी घाणा बंद ठेवत आणि शेजारी त्यांना सहजपणे 'शनवार तेली' म्हणत. कोकणात शनिवार ही शेजाऱ्यांनी दिलेली ओळख ठरली. गोव्यात तोच शनिवार गुन्ह्याचा पुरावा ठरला.

साक्षीचे मोल

गार्सिया जिवंत असेपर्यंत त्याच्या विद्येचे आणि वजनदार स्नेह्यांचे छत्र घरावर होते. १५६८ मध्ये तो वारला आणि त्याच वर्षी कातारीनाला अटक झाली. मोझेसचा कायदाच खरा असे गार्सिया म्हणत असे, हा जबाब त्याच्या मेहुण्याने न्यायालयापुढे दिला. कातारीनाचे शब्दचित्र रेखाटताना खरी अडचण येथेच येते. तिच्याविषयीची माहिती येते ती तिला शिक्षा देणाऱ्यांच्या दप्तरातून. कैदेच्या भीतीने वदवून घेतलेले बोलणे जसेच्या तसे सत्य मानले, तर इतिहासकार न्यायाधीशाच्या शेजारी जाऊन बसतो. उलट, आरोप निव्वळ खोटा ठरवून तिला निष्ठावंत ख्रिस्ती म्हटले, तर तिने जपलेले काही असेल तेही पुसले जाते.

म्हणून घटनांचाच आधार घ्यावा लागतो. लिस्बनचा तुरुंग पाहिलेली ही स्त्री होती. ज्या एका शब्दाने पुन्हा तुरुंगात जावे लागेल, त्या शब्दाची किंमत तिला घरातील इतर कोणाहीपेक्षा अधिक ठाऊक होती. तरीही एकवीस वर्षांच्या अंतराने आणि दोन खंडांत तोच आरोप तिच्यावर आला. एवढ्या रेषा निश्चित आहेत, आणि चेहऱ्याची ठेवण कळण्यास त्या पुरेशा आहेत.

समारोप

न्यायालयाने शेवटी भावालाही सोडले नाही. ४ डिसेंबर १५८० रोजी गार्सियाच्या अस्थी उकरून जाळण्यात आल्या. परंतु कालांतराने त्याला सन्मान परत मिळाला. पणजीत त्याच्या नावाचे उद्यान झाले, पोर्तुगालच्या १९७१ च्या वीस एस्कुदोंच्या नोटेवर त्याचे चित्र आले. त्याच्या ग्रंथात रोपे आणून देणारी दासी अंतोनियासुद्धा बोलताना दिसते; कातारीना बोलत नाही. या घराण्याची हकिकत प्रकाशात आणण्याचे श्रेय आउगुस्तो द सिल्व्हा कार्व्हाल्यो यांच्या १९३४ च्या संशोधनाला जाते. गोव्याच्या धर्मन्यायालयाचा एकूण कारभार प्रियोळचे अ. का. प्रियोळकर यांनी १९६१ च्या आपल्या इंग्रजी ग्रंथात मांडला.

वैद्यक किंवा वनस्पतिशास्त्राच्या इतिहासात गार्सिया द ओर्ताचा धडा महाविद्यालयांत शिकवला जातो, तेव्हा त्याला आणखी एका वाक्याची जोड देता येईल : या विद्वानाच्या मृत्यूनंतर पुढच्याच वर्षी त्याच्या बहिणीला तिच्या पूर्वजांच्या धर्मासाठी याच शहरात जाळण्यात आले. हे वाक्य ऐकून विद्यार्थी पहिला प्रश्न विचारील तो बहुधा तिच्या नावाचा. ते नाव शिक्षकाला ठाऊक असले पाहिजे.